मेहता, सर फिरोजशाह मेरवानजी : नगरपालिकेतील कारकीर्द

(४ ऑगस्ट १८४५ – ५ नोव्हेंबर १९१५). भारतीय राष्ट्रीय काँग्रेसचे एक अग्रगण्य नेमस्त नेते, विधिज्ञ आणि सुमारे चार दशके मुंबई नगरपालिकेचे सभासद. त्यांच्या अखिल भारतीय राजकारणाचा परामर्श अन्यत्र पुष्कळ घेतला गेला आहे. प्रस्तुत नोंदीत मुख्यतः त्यांच्या नगरपालिकेतील कार्याचा विचार केला आहे. कारण त्यांच्या राजकारणाची पद्धत, तिचे सामर्थ्य आणि तिच्या मर्यादा या तिन्ही गोष्टी प्रथम या सभागृहात घडल्या, आणि मुंबई शहराचा कारभार ज्या अधिनियमान्वये आजही चालतो, त्यावर त्यांच्या विचारांचा ठसा आहे.

फिरोजशाह यांचा जन्म मुंबईत एका व्यापारी पारशी कुटुंबात झाला. एल्फिन्स्टन महाविद्यालयातून ते १८६४ मध्ये बी. ए. झाले आणि नंतर लवकरच त्यांनी एम्. ए. ही पदवी मिळविली. महाविद्यालयाचे प्राचार्य सर अलेक्झांडर ग्रँट यांच्या शिफारशीवरून रुस्तमजी जमशेटजी जीजीभाई यांनी ठेवलेली शिष्यवृत्ती मिळून ते बॅरिस्टरीच्या अभ्यासासाठी इंग्लंडला गेले. अमेरिकन यादवी युद्धाच्या काळात कापसाच्या व्यापाराने मुंबईत आलेली अमाप संपत्ती १८६५ मध्ये सट्टेबाजारासह कोसळली. त्यात रुस्तमजींचीही दौलत गेली व शिष्यवृत्तीचा आधार तुटला. लंडनमध्ये दादाभाई नवरोजी यांच्या सहवासात त्यांना सार्वजनिक कार्याची दीक्षा मिळाली. १८६८ मध्ये बॅरिस्टर होऊन ते मुंबईस परतले.

त्या वेळी शहराचा कारभार १८६५ च्या अधिनियमानुसार चालत असे. शासननियुक्त ‘जस्टिस ऑफ द पीस’ यांची संस्था म्हणजे नगरपालिका, आणि शासनाने नेमलेला एकच आयुक्त हा तिचा सर्वाधिकारी, अशी ती व्यवस्था होती. जस्टिसांमध्ये शहरातील शेठिये, युरोपीय व्यापारी आणि सरकारी अधिकारी यांचा भरणा असे. खर्चावर देखरेख करण्याचा अधिकार त्यांना नावापुरता होता. परंतु एवढ्या मोठ्या व विस्कळीत मंडळाला तो वापरता येणे कठीणच होते. पहिले आयुक्त आर्थर क्रॉफर्ड हे विलक्षण उत्साही व तितकेच बेफिकीर गृहस्थ होते. रस्ते रुंद करणे, गटारे बांधणे, दाट वस्त्यांतील घाण हलविणे, मंडई उभारणे ही कामे त्यांनी झपाट्याने केली. पुढे त्यांच्याच नावाने ओळखली गेलेली मंडई (विद्यमान महात्मा जोतिबा फुले मंडई) ही त्याच काळातील होय. पण हा सर्व खर्च बाजार कोसळल्यानंतरच्या मंदीत चालला होता. घरपट्टीचा बोजा वाढत गेला आणि नगरपालिका कर्जात बुडाली. १८७१ मध्ये करदात्यांनी क्रॉफर्ड यांच्याविरुद्ध मोठे आंदोलन उभारले. नवरोजी फर्दुनजी, विश्वनाथ नारायण मंडलिक, सोराबजी शापूरजी बंगाली यांसारखी त्या काळची वजनदार माणसे त्यात होती.

या आंदोलनाच्या भरात, नोव्हेंबर १८७१ मध्ये, फ्रामजी कावसजी इन्स्टिट्यूटमध्ये सव्वीस वर्षांच्या फिरोजशाहांनी नगरपालिकेच्या सुधारणेवर एक निबंध वाचला. श्रोते क्रॉफर्डविरोधी होते आणि वक्त्याने क्रॉफर्ड यांचा कैवार घेतला. साहजिकच सभेत नापसंतीचा गलका झाला. पण निबंधाचा खरा विषय क्रॉफर्ड नव्हते. त्यांचे म्हणणे असे होते, की आयुक्ताने पैसा उधळला याचा दोष व्यक्तीकडे कमी व रचनेकडे अधिक जातो. कारण ज्यांनी त्याला आवरावयाचे ते जस्टिस कोणालाच जबाबदार नाहीत. तेव्हा अधिकाऱ्याचे हात बांधून किंवा त्याच्या जागी समित्या बसवून काही साधणार नाही. कार्यकारी अधिकार एकाच जबाबदार अधिकाऱ्याकडे असावा. मात्र त्याच्यावर करदात्यांनी निवडलेल्या मंडळाचा व त्या मंडळातून निवडलेल्या छोट्या समितीचा अंकुश असावा, आणि हिशेबतपासणी स्वतंत्र असावी. कार्यकारी सत्ता समितीकडे देण्यास त्यांनी आयुष्यभर विरोध केला, ही गोष्ट लक्षात ठेवण्यासारखी आहे. लोकपक्षाच्या पुढाऱ्याकडून अशी भूमिका तेव्हा अपेक्षित नव्हती आणि पुढेही ती अनेकांच्या पचनी पडली नाही. (क्रॉफर्ड यांच्या व्यक्तिगत सचोटीविषयी मात्र फिरोजशाहांचा अंदाज फारसा खरा ठरला नाही. १८८८ मध्ये मध्य विभागाचे आयुक्त असताना लाचलुचपतीच्या आरोपांवरून त्यांची चौकशी झाली आणि अखेर त्यांना नोकरी गमवावी लागली.)

१८७२ चा अधिनियम पुष्कळ अंशी याच आराखड्याप्रमाणे झाला. नगरपालिकेचे ६४ सभासद ठरविण्यात आले. त्यांपैकी ३२ करदात्यांनी निवडावयाचे, १६ जस्टिसांनी निवडावयाचे आणि १६ शासनाने नेमावयाचे होते. दैनंदिन देखरेखीसाठी बारा जणांची ‘टाउन कौन्सिल’ ही समिती आली. पहिल्या निवडणुका १८७३ मध्ये झाल्या आणि फिरोजशाह नगरपालिकेत आले ते याच वेळी. काही चरित्रपर लेखनात ते १८७३ मध्ये मुंबईचे ‘म्युनिसिपल कमिशनर’ झाले असे विधान आढळते. ते बरोबर नाही. कलकत्ता व अन्य काही नगरपालिकांत सभासदांनाच कमिशनर म्हणत. त्यावरून हा घोटाळा झाला असावा. मुंबईत आयुक्त हा शासनाने नेमलेला पगारी अधिकारी असे आणि फिरोजशाह त्या पदावर कधीही नव्हते. त्यांचे सारे आयुष्य त्या पदासमोरच्या बाकावर गेले.

१८७२ च्या मुंबईची लोकसंख्या ६,४४,४०५ होती. मताधिकार मात्र ठराविक रकमेपेक्षा अधिक पट्टी भरणाऱ्यांनाच असल्यामुळे तो फारच थोड्यांपुरता राहिला. गिरणीत, गोदीत व रेल्वेत काम करणारा, कोकणातून व घाटावरून आलेला मराठी भाषक श्रमिक भाड्याच्या खोलीत राही. पट्टी त्याच्या भाड्यातूनच वसूल होत असली, तरी ती त्याच्या नावावर नसे. गटारे, पाणी आणि दवाखाने यांची ज्यांना सर्वांत अधिक गरज होती, त्यांचा कौल घेण्याची सोय या रचनेत नव्हती. फिरोजशाहांनी ज्या स्वशासनासाठी झुंज दिली, ते प्रारंभापासून करदात्यांचे स्वशासन होते आणि त्याबद्दल त्यांना विशेष संकोच वाटत असल्याचे दिसत नाही.

सभागृहातील त्यांच्या प्रभावाचे मर्म परिश्रमात होते. कार्यक्रमपत्रिकेवरील विषय, जुने ठराव, लेखापरीक्षकाचे शेरे आणि अधिनियमाची कलमे यांची त्यांना इतकी सूक्ष्म माहिती असे, की आयुक्तांनाही त्यांच्यासमोर तयारीनिशी यावे लागे. बॅरिस्टर म्हणून त्यांची वकिली प्रामुख्याने गुजरात-काठेवाडकडील जिल्हा न्यायालयांत व संस्थानांत चालत असे. १८७८ च्या सूरत येथील दंगलीच्या खटल्यामुळे ती नावारूपास आली होती. ही धावपळ सांभाळून नगरपालिकेच्या कामात त्यांनी सहसा खंड पडू दिला नाही. १८८४ व १८८५ मध्ये ते लागोपाठ दोनदा नगरपालिकेचे अध्यक्ष झाले. अध्यक्षाची निवड दरवर्षी होई व त्याला कार्यकारी अधिकार नसत. महापौर ही संज्ञा १९३१ मध्ये आली. त्यांच्या पहिल्या अध्यक्षीय वर्षात, डिसेंबर १८८४ मध्ये, मायदेशी निघालेले व्हाइसरॉय लॉर्ड रिपन यांच्या हस्ते बोरीबंदरनजीक नगरपालिकेच्या नव्या इमारतीचा पायाभरणी समारंभ झाला. १८८२ च्या स्थानिक स्वराज्यविषयक ठरावामुळे रिपन हे भारतीय सुशिक्षितांच्या विशेष आदरास पात्र झाले होते. एफ्. डब्ल्यू. स्टीव्हन्स यांनी आरेखित केलेली ही इमारत १८९३ मध्ये पूर्ण झाली.

रिपन यांच्या ठरावाला अनुसरून मुंबईचा अधिनियम सुधारण्याची चर्चा सुरू झाली आणि फिरोजशाहांच्या नागरी जीवनातील सर्वांत महत्त्वाचे पर्व त्यातून आले. १८८६ मध्ये गव्हर्नर लॉर्ड रे यांनी त्यांची मुंबईच्या कायदेमंडळावर नियुक्ती केली. काशिनाथ त्र्यंबक तेलंग हेही तेथे होते. नगरपालिका विधेयकाच्या मूळ मसुद्यात आयुक्ताला नगरपालिकेच्या बरोबरीचे, जवळजवळ स्वतंत्र स्थान देण्याकडे कल होता. मेहता व तेलंग यांनी विधेयकाचे एकेक कलम तपासून त्यास आक्षेप घेतले. १८८८ मध्ये संमत झालेल्या अधिनियमात शहराचे नागरी शासन नगरपालिकेच्या ठायी निहित असल्याचे ६४ व्या कलमात स्पष्ट झाले. त्याच कलमाने कार्यकारी सत्ता आयुक्ताकडे ठेवली. टाउन कौन्सिलच्या जागी स्थायी समिती आली. अंदाजपत्रक आयुक्ताने तयार करावयाचे, स्थायी समितीने तपासावयाचे आणि नगरपालिकेने मंजूर करावयाचे, असा क्रम ठरला. मोठे करार समितीच्या संमतीवाचून करता येईनासे झाले. विशेष बहुमताने मागणी झाल्यास आयुक्ताला परत बोलावणे शासनावर बंधनकारक करण्यात आले. सभासदसंख्या ७२ झाली : ३६ प्रभागांतून निवडलेले, १६ जस्टिसांचे, १६ शासननियुक्त, आणि विद्यापीठाचे अधिछात्र व वाणिज्य मंडळ यांचे प्रत्येकी दोन.

वरवर पाहता ही तडजोडच होती. सत्ता मंडळाची आणि अंमल अधिकाऱ्याचा, ही विभागणी दोघांनाही पुरते समाधान देणारी नाही, आणि तेव्हापासून आजतागायत आयुक्त व सभागृह यांच्यातील तणाव मुंबईच्या कारभारात वारंवार प्रकट होत आला आहे. तथापि तिची किंमत कळण्यासाठी कलकत्त्याकडे पाहणे उपयुक्त ठरेल. तेथे १८७६ पासून दोनतृतीयांश सभासद निर्वाचित असत. म्हणजे प्रतिनिधित्वाच्या दृष्टीने कलकत्ता मुंबईच्या पुढे होते. परंतु १८९९ च्या अधिनियमाने निर्वाचितांचे बहुमत काढून घेण्यात आले व निषेधार्थ सुरेंद्रनाथ बॅनर्जी यांच्यासह २८ सभासदांनी राजीनामे दिले. मुंबईची रचना कमी लोकशाहीवादी असूनही टिकली. तिच्यात शासनाला पाय ठेवण्यापुरती जागा होती, आणि उरलेली जागा कायद्याच्या शब्दांनी बंदिस्त केलेली होती. या बंदिस्तीला किती महत्त्व आहे, याचा प्रत्यय अगदी अलीकडे आला. मार्च २०२२ मध्ये निर्वाचित सभागृहाची मुदत संपल्यावर निवडणुका लांबल्या आणि तीन वर्षांहून अधिक काळ आयुक्तांनीच प्रशासक या नात्याने सभागृह व स्थायी समिती यांचेही अधिकार वापरले. १८८८ चा अधिनियम या सर्व काळात अंमलातच होता.

१८९२ च्या कायद्यान्वये प्रांतिक कायदेमंडळांत काही जागा स्थानिक संस्थांच्या शिफारशीने भरल्या जाऊ लागल्या. मुंबई नगरपालिकेने आपल्या जागेसाठी फिरोजशाहांना निवडले आणि तेथून ते व्हाइसरॉयच्या कायदेमंडळातही गेले. काँग्रेसमध्ये त्यांचे जे वर्चस्व निर्माण झाले (१८९० च्या कलकत्ता अधिवेशनाचे ते अध्यक्ष होते) त्याचा पाया नगरपालिकेतील प्रतिष्ठेवर होता. घटनात्मक मार्गाने, चिकाटीने व नियमांच्या आधारे शासनाला माघार घ्यावयास लावता येते, असा त्यांचा अनुभव होता. नगरपालिकेत हा अनुभव वारंवार आला असल्याने त्यांनी तो देशाच्या राजकारणालाही लावला. तेथे तो कितपत लागू पडतो, याविषयी लोकमान्य टिळक व त्यांचे अनुयायी यांचे मत वेगळे होते.

नागरी सत्तेचे बळ किती तोकडे आहे, हे १८९६ च्या प्लेगने दाखविले. मांडवी भागातील रुग्णांची तपासणी करून डॉ. अकासियो गाब्रिएल व्हिएगश यांनी साथीचे निदान केले. गोव्यातील हडफडे येथे जन्मलेले हे डॉक्टर स्वतः नगरपालिकेचे सभासद होते. साथ फैलावताच मार्च १८९७ मध्ये शासनाने जनरल गॅटेकर यांच्या अध्यक्षतेखाली प्लेग समिती नेमली व प्रतिबंधक कामाची सूत्रे नगरपालिकेकडून काढून घेतली. पुढील वर्षी गलिच्छ वस्त्या पाडून नवे रस्ते व घरे करण्यासाठी सिटी इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट ही स्वतंत्र संस्था कायद्याने स्थापन झाली. फिरोजशाहांचा तिला तत्त्वतः आक्षेप होता. शहर सुधारण्याचे काम नगरपालिकेचे असून, पैसा करदात्यांचा व सत्ता दुसऱ्याच मंडळाची ही व्यवस्था त्यांना मान्य नव्हती. विश्वस्तांत नगरपालिकेचे प्रतिनिधी अल्पसंख्य राहिले, अंशदान मात्र तिला दरवर्षी द्यावे लागे. तत्त्वदृष्ट्या त्यांचे बरोबर होते. पण त्याचबरोबर हेही मान्य करावयास हवे, की १८७३ पासूनच्या तेवीस वर्षांत नगरपालिकेने मांडवी, कामाठीपुरा यांसारख्या वस्त्यांची स्थिती बदलली नव्हती. घरमालक करदाते सभागृहात प्रबळ असताना घरमालकांवर कडक निर्बंध घालणे अवघड होते. तानसा तलावाचे पाणी १८९२ मध्ये शहरात आले. पाणी वाढले त्या प्रमाणात सांडपाण्याचा निचरा वाढला नव्हता. ट्रस्टचे विलीनीकरण १९३३ मध्ये झाले. ते पाहण्यास फिरोजशाह नव्हते.

पोलीस खर्चाच्या प्रश्नावर त्यांना अधिक यश लाभले. शहर पोलिसांवर नगरपालिकेचे कसलेही नियंत्रण नसताना त्यांच्या खर्चाचा वाटा मात्र तिच्यावर लादलेला होता. हा भार शासनाने घ्यावा आणि त्याऐवजी जी कामे स्वभावतःच नागरी आहेत ती नगरपालिकेकडे द्यावीत, ही मागणी त्यांनी अनेक वर्षे लावून धरली. १९०७ च्या अधिनियमाने ती मान्य झाली. पोलिसांचा खर्च शासनाकडे गेला आणि प्राथमिक शिक्षण व काही वैद्यकीय सेवा यांची जबाबदारी नगरपालिकेने पत्करली. मुंबईच्या नगरपालिका शाळांचा पुढील विस्तार या अदलाबदलीवर आधारलेला आहे.

त्याच वर्षी त्यांना सभागृहाबाहेर घालविण्याचा प्रयत्न झाला. १९०५ मध्ये, युवराजांच्या (पुढे पंचम जॉर्ज) भेटीच्या वर्षी, ते पुन्हा अध्यक्ष झाले होते आणि सभागृहावरील त्यांची पकड युरोपीय वर्तुळांना सलू लागली होती. त्यांच्या एकछत्री वर्चस्वाविषयीची तक्रार सर्वस्वी निराधार होती असे म्हणता येणार नाही. विरोधी मत ऐकून घेण्याची सहनशीलता त्यांच्यात कमी होती. फेब्रुवारी १९०७ च्या निवडणुकीत महालेखापाल हॅरिसन यांच्या पुढाकाराने एक गट तयार झाला. पोलीस आयुक्त गेल, जिल्हाधिकारी हॅच आणि टाइम्स ऑफ इंडियाचे संपादक लोव्हॅट फ्रेझर ही नावे त्यात होती. जस्टिसांच्या मतदारसंघातील सोळा जागांसाठी या गटाने सोळा उमेदवारांची यादी केली व ती सबंध निवडून आणली. फिरोजशाह सतराव्या क्रमांकावर राहिले. सरकारी अधिकाऱ्यांनी पदाचे वजन वापरून करदात्यांच्या संस्थेत हस्तक्षेप केला, म्हणून शहरात मोठा क्षोभ उसळला आणि माधवबागेत जंगी निषेधसभा झाली. निकाल लागला तो मात्र न्यायालयात : सोळाव्या क्रमांकाच्या सभासदाचे नगरपालिकेशी कंत्राटी हितसंबंध असल्याने त्याची निवड अपात्र ठरली आणि ती जागा फिरोजशाहांना मिळाली. ज्या कायद्याच्या घडणीत त्यांनी भाग घेतला, त्याच्याच एका तरतुदीने त्यांना परत आणले.

या प्रकरणाची एक बाजू सहसा सांगितली जात नाही. निर्वाचित करदात्यांच्या सत्तेचा हा सर्वांत मोठा कैवारी त्या वर्षी प्रभागातून उभा नव्हता. तो जस्टिसांच्या, म्हणजे १८७१ च्या निबंधात ज्यांच्यावर टीका केली होती त्याच वर्गाच्या, मतदारसंघातून उभा होता. म्हणूनच सोळा नावांची यादी फिरवून त्यांना पाडणे विरोधकांना शक्य झाले.

१९११ मध्ये सम्राट पंचम जॉर्ज मुंबईत उतरले, तेव्हा नगरपालिकेचे मानपत्र अध्यक्ष या नात्याने फिरोजशाहांनीच वाचले. अखेरच्या वर्षांत त्यांनी सेंट्रल बँक ऑफ इंडियाचे पहिले अध्यक्षपद स्वीकारले (१९११), बाँबे क्रॉनिकल हे दैनिक काढले (१९१३) आणि १९१५ मध्ये ते मुंबई विद्यापीठाचे कुलगुरू झाले. दिनशा वाच्छा हे त्यांचे नगरपालिकेतील निकटचे सहकारी. नगरपालिकेच्या वाढीचा इतिहास त्यांनी १९१३ मध्ये ग्रंथरूपाने प्रसिद्ध केला.

त्यांच्या मृत्यूनंतर सात वर्षांनी, १९२२ च्या सुधारणेने, भाडेकरूंनाही मताधिकार मिळाला आणि १९२३ च्या निवडणुकीनंतर सरोजिनी नायडू यांच्यासह महिला प्रथमच सभागृहात आल्या. प्रौढ मताधिकारावर आधारित पहिली निवडणूक १९४८ मध्ये झाली. नगरपालिकेच्या इमारतीसमोर फिरोजशाहांचा पूर्णाकृती पुतळा १९२३ मध्ये बसविण्यात आला. शहराच्या कोट विभागातील एक प्रमुख रस्ता आणि मलबार टेकडीवरील जलाशयावरचे उद्यान यांस त्यांचे नाव दिलेले आहे.